ओटीडीआरने सांगितलेल्या अंतरावर फायबर कट का सापडत नाही?

नंदुरबार जिल्ह्यात दूरसंचाराच्या पारेषण जाळ्याच्या देखभालीवर नुकत्याच रुजू झालेल्या एका अभियंत्याने विचारले आहे की, फायबर तुटले की केंद्रीय देखरेख कक्षाच्या पडद्यावर शंभर-दीडशे अलार्म एकदम येतात, कक्षातून ‘दोष धुळे–दोंडाईचा विभागात आहे’ एवढेच कळवले जाते, ओटीडीआर (फायबरमधल्या दोषाचे अंतर मोजणारे यंत्र) ते अंतर दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवतो, आणि तरीही त्या अंतरावर जाऊन खणले तर केबल अखंड निघते. मग या केंद्रीय यंत्रणेवर किती विसंबायचे?

पूर्ण विसंबावे, मात्र तिला तिच्या आवाक्यातलाच प्रश्न विचारावा, असे माझे उत्तर आहे. दोष कोणत्या दोन स्थानकांच्या मध्ये आहे आणि तो केबलचा, उपकरणाचा की विजेचा, हे केंद्रात बसून अलार्मांच्या तर्काने ठरवता येते. त्या विभागात नेमके कुठे खणायचे हे ठरवायला प्रकाशाने केलेली मोजणी आणि मार्गाच्या नोंदी या दोन्ही गोष्टी लागतात. तुमचा खड्डा चुकतो तो या दुसऱ्या टप्प्यावर, आणि माझ्या अनुभवात त्यात ओटीडीआरचा दोष क्वचितच असतो. फायबरमधले अंतर जमिनीवर उतरवताना चूक होते.

आधी अलार्मांची गर्दी समजून घेऊ. एसडीएच या फायबरवरून अनेक वाटा एकत्र वाहून नेण्याच्या पद्धतीत माहितीची प्रत्येक चौकट १२५ मायक्रोसेकंदांची असते आणि तिच्या शीर्षभागातील काही बाइट केवळ देखरेखीसाठी राखलेले असतात. धुळ्याकडून येणारा प्रकाश दोंडाईच्याच्या उपकरणाला मिळेनासा झाला की ते ‘लॉस ऑफ सिग्नल’, म्हणजे एलओएस, हा अलार्म उठवते. पुढे नंदुरबारकडे जाणाऱ्या प्रवाहांत ते एआयएस हा संकेत भरते, जेणेकरून दोष मागे कुठेतरी आहे हे पुढच्या स्थानकांना कळावे. आणि धुळ्याकडे उलट दिशेने, के-२ बाइटच्या शेवटच्या तीन बिटांतून, तुमचा संकेत मला मिळत नाही अशा अर्थाचा आरडीआय पाठवते. एका एसटीएम-१६ प्रवाहात १६ एसटीएम-१ आणि त्या प्रत्येकात ६३ पर्यंत दोन मेगाबिटच्या वाटा मावतात, म्हणजे एका तुटीचे पडसाद हजाराहून अधिक वाटांवर उमटू शकतात. पडद्यावरच्या दीडशे ओळींनी म्हणूनच घाबरून जाऊ नये. एआयएस आणि आरडीआय हे व्याख्येनेच परिणाम आहेत. ते बाजूला सारले की हाती बहुधा दोन-तीन ओळी उरतात आणि कारण त्यांच्यातच असते.

यादीतला सर्वांत आधी आलेला अलार्म म्हणजे मूळ कारण, असे समजण्याची सवय मात्र लावून घेऊ नका. उपकरण दोष दिसताच अलार्म जाहीर करत नाही; तो सुमारे अडीच सेकंद टिकला तरच जाहीर करते, आणि दोष गेल्यावर सुमारे दहा सेकंद वाट पाहून तो मागे घेते. त्यातच दोन स्थानकांची घड्याळे एकाच कालसंदर्भाला जुळवलेली नसतील, तर पडद्यावरचा क्रम निरर्थक ठरतो. मी कोणत्याही नव्या विभागाचा कार्यभार घेतला की पहिल्याच आठवड्यात सर्व उपकरणांची घड्याळे तपासत असे.

आता उरलेल्या ओळी वाचायच्या. धुळ्याला दोंडाईच्याच्या बाजूच्या पोर्टवर एलओएस आणि दोंडाईच्याला धुळ्याच्या बाजूच्या पोर्टवर एलओएस, असे चित्र असेल तर केबल तुटल्याचा संशय घ्यावा; एका टोकाला एलओएस आणि दुसऱ्या टोकाला केवळ आरडीआय असेल तर एकच फायबर, लेझर, रिसीव्हर किंवा एखादी पॅच कॉर्ड तपासावी. या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. उपकरणात लेझर आपोआप बंद होण्याची सुरक्षा सोय चालू असेल, तर एका दिशेचा प्रकाश गेल्यावर ते टोक स्वतःचा लेझरही बंद करते, आणि प्रत्यक्षात एकच फायबर तुटलेले असताना दोन्ही टोकांना एलओएस दिसतो. अशा वेळी त्याच केबलमधून जाणाऱ्या दुसऱ्या प्रणालींकडे पाहावे. २४ फायबरच्या केबलमधील तीन वेगवेगळ्या प्रणाली एकाच मिनिटाला गेल्या असतील तर जेसीबीने केबल तोडली आहे असे धरून गाडी काढायला हरकत नाही. बाकीच्या प्रणाली व्यवस्थित चालत असतील तर आधी स्थानकातील ओडीएफवरचा (केबलचे फायबर जिथे येऊन जोडले जातात त्या चौकटीवरचा) कनेक्टर काढून, पुसून, प्रकाशाची पातळी मोजावी. ओडीएफजवळचा दोष शोधायला पथक चाळीस किलोमीटर पळाले, असे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

लिंक चालू असून त्रुटी वाढत असतील तर बी-१, बी-२ आणि बी-३ हे त्रुटी मोजणारे तीन बाइट तुलनेने वाचावेत. बी-१ ची मोजणी प्रत्येक रिजनरेटरपाशी (संकेत पुन्हा ताजा करणाऱ्या उपकरणापाशी) नव्याने सुरू होते, बी-२ ची दोन मल्टिप्लेक्सरांच्या (अनेक वाटा एकत्र करणाऱ्या उपकरणांच्या) दरम्यान चालते आणि बी-३ ची वाटेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ज्या विभागात बी-१ प्रथम वाढतो तो विभाग दोषी. सर्व विभागांचे बी-१ व बी-२ स्वच्छ असून केवळ बी-३ मध्ये त्रुटी येत असतील तर केबलचा नाद सोडून उपकरणातील कार्डांकडे वळावे.

खान्देशात विजेची बाजू कधीही विसरून चालत नाही. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, वातानुकूलन नसलेल्या खोलीतील बॅटऱ्या अकाली थकतात, आणि कागदावर आठ तास चालायला हवी ती बॅटरी दोन तासांत मान टाकते. दोन-दोन व्होल्टच्या २४ सेलांच्या संचाची पातळी ४३ व्होल्टच्या आसपास आली की भार तोडला जातो आणि त्या क्षणी शेजारच्या दोन्ही स्थानकांना एलओएस दिसतो, म्हणजे केंद्रातून पाहणाऱ्याला एका स्थानकाच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी केबल तुटल्यासारखे वाटते. दोन्ही बाजूंच्या केबल एकाच क्षणी तुटणे जवळजवळ अशक्य आहे. अशा वेळी त्या स्थानकाचे मागील काही तासांतील अलार्म काढावेत. ‘मुख्य वीज गेली’ आणि ‘बॅटरी खालावली’ या दोन ओळी तिथे बहुधा मिळतात, आणि मग स्प्लायसिंगच्या (फायबर जोडणाऱ्या) पथकाऐवजी जनरेटर पाठवायचा असतो.

व्यवस्थापनाची माहितीही त्याच फायबरमधून धावते, हेही लक्षात ठेवावे. एसडीएचमध्ये डी-१ ते डी-३ या बाइटांची १९२ किलोबिटची आणि डी-४ ते डी-१२ यांची ५७६ किलोबिटची वाहिनी याच कामासाठी असते. स्थानके वलयात, म्हणजे बंद वर्तुळात, जोडलेली असतील तर एक बाजू तुटली तरी दुसऱ्या बाजूने केंद्राला स्थानक दिसत राहते. परंतु शहाद्याहून धडगावसारख्या सातपुड्यातल्या ठिकाणी एकेरी शाखा गेली असेल, तर पहिल्याच विभागात तूट झाल्यावर पुढची सर्व स्थानके पडद्यावर राखाडी होतात, आणि नवखा माणूस ती बंद पडली असे समजतो. केंद्राला त्यांच्याविषयी काही कळत नाही, एवढाच त्या राखाडी रंगाचा अर्थ असतो. अशा शाखेच्या टोकाशी संपर्काची एखादी स्वतंत्र वाट, मग ती लहान क्षमतेची असली तरी, असलीच पाहिजे असा आग्रह मी नोकरीभर धरला. डीडब्ल्यूडीएम (एकाच फायबरमधून अनेक तरंगलांबी पाठवणाऱ्या) मार्गांवर ही अडचण काही अंशी कमी होते, कारण तिथे १५१० नॅनोमीटरची स्वतंत्र देखरेख वाहिनी प्रवर्धकाला वळसा घालून जाते आणि प्रवर्धक बंद पडला तरी स्थानक बोलत राहते.

आता तुमच्या खड्ड्याकडे येतो.

ओटीडीआर फायबरमध्ये प्रकाशाचा स्पंद सोडतो, काचेतून विखुरून मागे येणारा अंश ऐकतो आणि लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो. काचेत प्रकाशाला एक किलोमीटर जायला सुमारे ४.९ मायक्रोसेकंद लागतात. जाऊन-येऊन सुमारे ९.८. या हिशेबात फायबरचा अपवर्तनांक तुम्ही स्वतः भरता. नेहमीच्या सिंगल मोड फायबरसाठी १५५० नॅनोमीटरला तो १.४६८ च्या आसपास असतो. कोणी चुकून १.४६८२ ऐवजी १.४६६० भरला, तर ३७ किलोमीटरच्या मोजणीत सुमारे ५६ मीटरचा फरक पडतो. हा फरक लहान नाही, पण तुमची चूक याहून पुष्कळ मोठी आहे आणि ती दुसरीकडे आहे.

यंत्र मोजते ती फायबरची लांबी. केबलच्या नळीत फायबर पिळा घेऊन बसवलेले असते, त्यामुळे ते केबलच्या आवरणापेक्षा एक-दोन टक्के लांब असते. केबल पुन्हा जमिनीवरच्या मार्गापेक्षा लांब असते, कारण प्रत्येक जॉइंटच्या चेंबरमध्ये दोन्ही बाजूंची मिळून साधारण वीस मीटर केबल गुंडाळून ठेवलेली असते आणि दोन किलोमीटरच्या ड्रमांमुळे असा जॉइंट दर दोन किलोमीटरला येतो. समजा, ओटीडीआरने धुळ्यापासून ३७.४२ किलोमीटर दाखवले. तुमच्या केबलमध्ये पिळ्याचा फरक १.९ टक्के असेल तर केबलची लांबी सुमारे ३६.७१ किलोमीटर झाली. त्यातून मधल्या १८ जॉइंटांची प्रत्येकी २० मीटर, म्हणजे ३६० मीटर, गुंडाळी वजा केली की जमिनीवरचे अंतर ३६.३५ किलोमीटर उरते. तुम्ही ३७.४२ किलोमीटरच्या खुणेपाशी खणत असाल तर तूट तुमच्या मागे एक किलोमीटरहून अधिक अंतरावर राहिली. तिथे केबल अखंड निघाली यात नवल नाही.

याहून चांगली पद्धत अशी की, स्थानकापासून मोजूच नये. तुटीच्या अलीकडच्या जॉइंटापासून मोजावे. जुन्या संदर्भ आलेखात, म्हणजे केबल चांगली असताना घेतलेल्या ओटीडीआरच्या आलेखात, १८ वा जॉइंट ३६.३१ वर दिसत असेल तर तूट त्याच्यापुढे फायबरमध्ये १.११ किलोमीटरवर आहे. हा छोटा आकडा केबलमध्ये बदलला की १.०८९ होतो, १८ व्या चेंबरमधल्या पुढच्या बाजूच्या गुंडाळीचे दहा मीटर वजा केले की १.०७९, म्हणजे चेंबरपासून चराच्या वळणावळणाने सुमारे १,०८० मीटर. आता अपवर्तनांकातली आणि पिळ्याच्या अंदाजातली चूक केवळ एका किलोमीटरवर लागू होते, सदतीसवर नाही. पिळ्याचा नेमका फरक माहीत नसला तरी काही अडत नाही: लगतच्या दोन जॉइंटांमधले आलेखावरचे अंतर आणि त्याच तुकड्याच्या आवरणावर छापलेल्या मीटरच्या खुणांमधला फरक यांची तुलना केली की तो त्याच केबलसाठी मिळतो. केबल टाकताना प्रत्येक चेंबरपाशी आवरणावरचा आकडा लिहून ठेवणारा सुपरवायझर पुढच्या पंधरा वर्षांच्या लोकांवर उपकार करून जातो.

स्पंदाची लांबीही विचारपूर्वक निवडावी. एक मायक्रोसेकंदाचा स्पंद आलेखावर सुमारे शंभर मीटरचा पट्टा व्यापतो, दहा मायक्रोसेकंदांचा एक किलोमीटरचा. मोठा स्पंद दूरवर पाहतो, पण जॉइंट आणि त्याला लागून असलेली तूट वेगळी दाखवू शकत नाही. आधी मोठ्या स्पंदाने पूर्ण मार्ग पाहावा, मग जितका लहान स्पंद तुटीपर्यंत पोहोचतो तितका लहान करावा आणि सरासरीसाठी वेळ वाढवावा. तुटीचे टोक स्वच्छ असेल तर सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो आणि आलेखावर उंच शिखर दिसते. टोक चिरडलेले किंवा चिखलपाण्यात असेल तर शिखर नसते, रेषा नुसती खाली कोसळते. शिखर दिसले नाही म्हणून तूट नाही असे म्हणू नये. तुटण्याऐवजी फायबर दबलेले किंवा वाकलेले असेल तर ते १३१० पेक्षा १५५० नॅनोमीटरला प्रकाशाची अधिक हानी दाखवते, म्हणून संशयाच्या वेळी दोन्ही तरंगलांबींवर मोजावे.

आणि मोजणी दोन्ही टोकांकडून करावी. दोंडाईच्याकडून आलेले अंतर आणि धुळ्याकडून आलेले अंतर यांची बेरीज पूर्ण विभागाच्या फायबर लांबीएवढी आली तर तूट एक. बेरीज कमी भरली तर मधला तुकडा दोन ठिकाणी तुटला आहे. जेसीबीच्या दाताने केबल ओढली की हे हमखास घडते: दात लागतो एके ठिकाणी आणि ताणामुळे आतले फायबर दोन्ही बाजूंना काही अंतरावर तुटते, तेही वरचे आवरण शाबूत असताना. फुटलेल्या जागेवर जॉइंट करून चेंबर बुजवले आणि लिंक आली नाही, या प्रसंगामागे बहुधा हेच कारण असते.

माझ्या स्वतःच्या एका चुकीची नोंद इथे करतो, कारण ती मला फार शिकवून गेली. पारोळा आणि एरंडोलच्या दरम्यान रात्री तूट झाली होती. आम्ही जुन्या मार्ग-आलेखावरून महामार्गाच्या किलोमीटरच्या दगडाचा संदर्भ घेतला, पहाटेपर्यंत दोन ठिकाणी खणले आणि दोन्ही ठिकाणी केबल चांगली निघाली. नंतर लक्षात आले की आलेख राष्ट्रीय महामार्ग ६ च्या दगडांवर बेतलेला होता, आणि २०१० च्या पुनर्क्रमांकनात तो मार्ग राष्ट्रीय महामार्ग ५३ झाल्यावर दगड आणि त्यांवरचे आकडे दोन्ही बदलले होते. सकाळी शेजारच्या शिवारातल्या एका सालदाराने आपणहून सांगितले की आदल्या संध्याकाळी ठिबकच्या पाइपसाठी नाल्यापलीकडे यंत्राने चर काढला होता. तूट तिथेच होती. त्या रात्री आमच्या हाती असलेली मोजणी अचूक होती, कागद मात्र कालबाह्य होता, आणि तो दुरुस्त करणे हे माझेच काम होते.

आपल्या भागात हा कागद विशेष लवकर जुना होतो. नियमानुसार केबलचा चर १६५ सेंटिमीटर खोल असावा, पण तापीकाठची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, त्यामुळे चेंबर खचतात, रूट मार्कर तिरके होतात, आणि नांगरणीत अडथळा येतो म्हणून काही बांधावर जाऊन पडतात. चौपदरीकरणात जुने चेंबर नव्या रस्त्याच्या भरावाखाली गेले आहेत. साक्री-नवापूरच्या बाजूला खडक लागला की खोली कमी होऊन केबल लोखंडी पाइपमधून जाते, पुलांवर ती कठड्यालगत असते. या प्रत्येक ठिकाणाची अक्षांश-रेखांशासह नोंद, आवरणावरच्या आकड्यासह, केंद्रातल्या नकाशात असेल तरच केंद्रातला माणूस फोनवर ‘१८ व्या चेंबरपासून दोंडाईच्याकडे १,०८० मीटर, नाल्याच्या अलीकडे’ असे सांगू शकतो. नकाशावर दोन बिंदूंमधली सरळ रेषा मोजून पथकाला सांगणे मात्र टाळावे. केबल चराने जाते.

वलयाबद्दल एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. वलयातील तूट ५० मिलिसेकंदांत दुसऱ्या बाजूवर वळवली जाते, ग्राहकाची तक्रार येत नाही, आणि म्हणून दुरुस्ती ‘उद्या पाहू’ वर जाते. त्या काळात दुसरी तूट झाली तर मधली सर्व स्थानके एकदम तुटतात. त्याहून वाईट म्हणजे कागदावरचे वलय जमिनीवर एकाच चरातून गेलेले असणे. दोन तालुक्यांना जोडणारा चांगला रस्ता एकच असल्याने आपल्याकडे हे अनेकदा घडते. केंद्रीय प्रणालीत कोणत्या वाटा कोणत्या चरातून आणि कोणत्या पुलावरून जातात हे भरलेले नसेल, तर पडद्यावर हिरवे दिसणारे संरक्षण एका जेसीबीच्या फटक्यात जाते.

केंद्रातूनच ओटीडीआर चालवण्याची व्यवस्था आता बरीच उपलब्ध आहे: स्थानकात एक ओटीडीआर आणि प्रकाशीय स्विच बसवतात, रिकाम्या फायबरवर किंवा १६२५ वा १६५० नॅनोमीटरने चालू फायबरवर ठरावीक वेळाने मोजणी होते आणि संदर्भ आलेखाशी तुलना होते. ही व्यवस्था मला मनापासून आवडते, कारण एलओएस येण्याआधी हळूहळू वाढणारी हानी, जसे चेंबरमध्ये वाकत चाललेली केबल किंवा उंदरांनी कुरतडलेले आवरण, ती पकडू शकते. तिच्या मर्यादाही आहेत: रिकाम्या फायबरवर मोजत असाल तर शेजारचे एकच चालू फायबर जॉइंटात तुटल्याचे तिला कळणार नाही, आणि तिने सांगितलेले अंतरही शेवटी फायबरमधलेच असते.

म्हणून दुरुस्ती झाल्यावर चेंबर बुजवण्याआधी एक काम सोडू नका. तूट जोडताना बहुधा नव्या केबलचा तुकडा घालून दोन जॉइंट वाढतात, म्हणजे त्या ठिकाणाच्या पुढचे सर्व जॉइंट आलेखावर तेवढ्या मीटरने सरकतात आणि जुना संदर्भ आलेख त्या क्षणापासून चुकीचा ठरतो. जोडांतली हानी तपासून झाली की दोन्ही टोकांकडून, १३१० आणि १५५० दोन्हींवर, नवा आलेख घ्या, नव्या जॉइंटांचे क्रमांक, आवरणावरचे आकडे आणि अक्षांश-रेखांश त्याच ठिकाणी लिहा, केंद्राला ते नकाशात भरायला सांगा, भरल्याचे फोनवर वाचून घ्या, आणि मगच माती ओढा.